ऑस्ट्रेलिया : १८६ चं नॉमिनेशन नाकारलं, नवऱ्याला पंचेचाळीस पूर्ण. अपील की नवा अर्ज?

अबोली२७ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पण आज लिहायची वेळ आली.

आम्ही व्हिक्टोरियात, मेलबर्नपासून दोनेक तासांवरच्या गावात राहतो. नवरा शेफ आहे, एका छोट्या रेस्टॉरंटमध्ये ४८२ व्हिसावर (मालकाने स्पॉन्सर केलेला तात्पुरता कामाचा व्हिसा). मालकांनी १८६ च्या, म्हणजे मालकामार्फत मिळणाऱ्या पीआर (कायम रहिवास) व्हिसाच्या, टीआरटी मार्गाने (टेम्पररी रेसिडेन्स ट्रान्झिशन) त्याचं नॉमिनेशन भरलं, म्हणजे या जागेसाठी हाच माणूस हवा असा मालकाचा अर्ज. त्याच दिवशी आमचा चौघांचा व्हिसा अर्जही गेला. तेव्हा तो चव्वेचाळीसचा होता. आता पंचेचाळीस पूर्ण झाली आहेत.

परवा एजंटचा फोन आला की नॉमिनेशन रिफ्यूज झालं. व्हिसा अर्जावर अजून निर्णय नाही. एजंट म्हणतो, "व्हिसा अर्ज मागे घेऊ, नवीन नॉमिनेशन टाकू, सगळं पुन्हा सुरू करू." मालक म्हणतात, "मी एवढे पैसे घातले, आता आणखी कुठे घालू?" ४८२ पुढच्या वर्षापर्यंत आहे. सांगलीहून सासऱ्यांचा रोज फोन, "पीआरचं काय झालं?" काय सांगायचं तेच कळत नाही.

अपील करता येतं का? कोणी करायचं? कोणी केलं असेल तर कृपया लिहा.

चिंतू_सिडनी

ताई, मी एजंटच्या बाजूने. अपीलमध्ये वर्ष-दीड वर्ष कुठेच जात नाही. व्हिसा रिफ्यूज झाला की सेक्शन ४८ लागतं, मग देशात राहून दुसरा व्हिसा भरता येत नाही. मागे घ्या, नवीन भरा, मोकळे व्हा.

जुना_वाटसरू

थांबा, थांबा. अबोलीताई, काहीही मागे घेऊ नका. निदान हे पूर्ण वाचेपर्यंत तरी.

मी काही वर्षं एका मायग्रेशन वकिलाच्या ऑफिसात फायली हाताळल्या आहेत. आता त्या धंद्यात नाही, त्यामुळे हा सल्ला नाही, माहिती समजा.

१८६ ला वयाची अट पंचेचाळीसच्या आत अशी आहे आणि ती मोजतात व्हिसा अर्ज भरल्याच्या दिवशी. तुमच्या मिस्टरांचा अर्ज चव्वेचाळीसाव्या वर्षी गेला, म्हणजे त्या अर्जापुरतं वय कायमचं गोठलं. तो मागे घेतला की ते वय गेलं. नवीन नॉमिनेशन कितीही चोख असलं तरी त्यावर टाकलेला नवीन १८६ अर्ज वयावरच पडेल. सवलती आहेत, पण त्या मोजक्या आहेत, आणि लहान रेस्टॉरंटच्या शेफला बसेल अशी मला तरी त्यात दिसत नाही.

"मग जुना अर्ज राहू दे, नुसतं नॉमिनेशन नवीन टाकू" असं काहींना वाटतं. १८६ मध्ये तेही चालत नाही. व्हिसा अर्ज ज्या नॉमिनेशनला जोडून भरला तेच मंजूर व्हावं लागतं. म्हणजे तुमच्या बाबतीत तेच जुनं नॉमिनेशन जिवंत करणं भाग आहे, आणि त्याचा रस्ता ट्रिब्युनलमधून, म्हणजे सरकारी निर्णय पुन्हा तपासणाऱ्या न्यायाधिकरणातून, जातो.

चिंतूभाऊ, सेक्शन ४८ बद्दल. ते कलम लागतं ते ज्याच्याकडे सबस्टँटिव्ह (म्हणजे ब्रिजिंगसारखा तात्पुरती सोय नसलेला, पूर्ण) व्हिसा नाही आणि ज्याचा अर्ज इथे असताना नाकारला गेला आहे त्याला. यांच्याकडे चालू ४८२ आहे. तो आहे तोवर ४८ चा बागुलबुवा दाखवायचं कारण नाही. तो संपल्यावर मात्र तुमचं म्हणणं बरोबर ठरेल.

आता अबोलीताई, तीन गोष्टी ताबडतोब सांगा: रिफ्यूजल पत्रावरची तारीख, ते कोणाच्या ईमेलवर गेलं, आणि नाकारण्याचं नेमकं कारण. एजंटने फोनवर सांगितलेलं कारण नको, पत्रातलं वाक्य हवं.

निळावंती

+१. आमच्या ओळखीत एकांनी वयाचा विचार न करता असाच अर्ज मागे घेतला. कोणाकडून निघालेला सल्ला होता देव जाणे.

अबोली२७

जुना_वाटसरू, वाचून हातपाय गार पडले, पण वेळेवर लिहिलंत. मालकांकडून पत्र मागवलं. पत्र एजंटच्या ईमेलवर गेलं होतं आणि त्याने आम्हाला फोन करेपर्यंत बरेच दिवस उलटले होते.

कारणं दोन दिली आहेत. एक, रेस्टॉरंटची शेफला दोन वर्षं पूर्णवेळ ठेवण्याची आणि पगार देण्याची क्षमता आहे याची खात्री पटली नाही, कारण दिलेल्या हिशोबात तोटा दिसतो. दोन, या जागेची गरज सिद्ध झाली नाही, कारण किचनमध्ये नक्की किती माणसं आहेत, रोस्टर काय आहे याचा पुरावा नाही. शिवाय लिहिलंय की जास्तीची कागदपत्रं मागितली होती, उत्तर आलं नाही. ते पत्रही एजंटकडेच गेलेलं. मालक म्हणतात, मला कोणी सांगितलंच नाही.

जुना_वाटसरू

ठीक. आता कामाचं बोलू.

पहिली गोष्ट मुदत. १४ ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रिब्युनलच्या जागी अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल आलं, लोक त्याला एआरटी म्हणतात. निर्णय कळवल्यापासून २८ दिवसांत तिथे अर्ज गेला पाहिजे. मायग्रेशनच्या प्रकरणांत ही मुदत वाढवून देण्याचा अधिकार ट्रिब्युनललाच नाही. आजारपण, एजंटचा निष्काळजीपणा, ईमेल स्पॅममध्ये गेला, काहीही सांगा, उपयोग नाही. आणि कळवलं कधी, तर ज्या दिवशी ईमेल पाठवला त्या दिवशी. एजंटला अधिकृत प्राप्तकर्ता नेमलं असेल तर त्याला मिळालं म्हणजे मालकांना मिळालं. तेव्हा परवाचा फोन विसरा, दिवस पत्राच्या तारखेपासून मोजा.

दुसरी गोष्ट, अर्ज कोणी करायचा. नॉमिनेशन मालकाचं, म्हणून अपीलही मालकाचं. तुमच्या मिस्टरांना त्या निर्णयाविरुद्ध जाता येत नाही. इथे एक बारीक खाच आहे. "मालक" म्हणजे ज्या नावाने नॉमिनेशन भरलं ती कायदेशीर संस्था. पाटीवरचं रेस्टॉरंटचं नाव नव्हे आणि मालकाचं स्वतःचं नावही नव्हे. प्रोप्रायटरी लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी, ट्रस्ट असेल तर त्याचा ट्रस्टी. पत्रात जे नाव आहे ते अक्षर न अक्षर तसंच उतरवा. भलत्याच नावाने अर्ज गेला आणि मुदत संपून गेली, तर ट्रिब्युनल "हे आमच्या कक्षेत येत नाही" म्हणून फाइल बंद करतं. आत काय लिहिलंय ते कोणी वाचतही नाही.

तिसरी गोष्ट, तुमचा व्हिसा अर्ज. आता डिपार्टमेंट (व्हिसा देणारं सरकारी खातं) तुम्हाला पत्र पाठवेल की नॉमिनेशन नाही, काही म्हणायचं आहे का, की अर्ज मागे घेता. तिथे लिहायचं की मालकांनी ट्रिब्युनलमध्ये अर्ज केला आहे. ते बहुधा थांबणार नाहीत, व्हिसा नाकारतील. नाकारू द्या. त्यावर तुमचं स्वतःचं अपील, पुन्हा त्याच २८ दिवसांत. कुटुंबाचा मिळून एकच अर्ज होतो. मग ट्रिब्युनलपुढे दोन फायली, मालकांची आणि तुमची. मालकांची जिंकली तर तुमची परत डिपार्टमेंटकडे जाते आणि राहिलेले निकष तपासले जातात. मालकांची हरली तर तुमची आपोआप हरते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. मालकांनी अपील केलंच नाही, तर तुमच्या एकट्याच्या अपीलाला काही अर्थ नाही.

मिरजकर

वाटसरू, पण वेळ तर मिळतो ना? ट्रिब्युनलचा निकाल लागून ३५ दिवस होईपर्यंत ब्रिजिंग व्हिसा ए (निकाल लागेपर्यंत देशात राहू देणारा व्हिसा) चालू राहतो. मुलांच्या शाळेचं एक वर्ष निघतं. लोक त्यासाठीच तर करतात.

जुना_वाटसरू

करतात, माहीत आहे. साडेतीन हजार डॉलरच्या आसपास फी भरून वेळ विकत घ्यायचा. माझं मत विचाराल तर हा फार वाईट सौदा आहे. त्या काळात ४८२ संपला की ब्रिजिंगवर आलात, त्यावर निकाल विरुद्ध लागला, की मगाचं सेक्शन ४८ खरोखर लागतं आणि दारं एकेक करून बंद होतात. अबोलीताईंचं प्रकरण तसं नाही, म्हणून मी एवढं लिहितोय. त्यांच्या नॉमिनेशनमध्ये दम आहे, फक्त कागद गेले नाहीत.

पर्थचा_पाटील

आता मालकाच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो. माझं इथे छोटं वर्कशॉप आहे, तीन माणसं स्पॉन्सर केली आहेत.

अबोलीताई, तुमच्या मालकांचा वैताग मला शंभर टक्के कळतो. १८६ च्या नॉमिनेशनची फी ५४० डॉलर, वर ट्रेनिंग लेव्ही (स्थानिक लोकांच्या प्रशिक्षणासाठी सरकारला द्यायची रक्कम). उलाढाल एक कोटी डॉलरच्या आत असेल तर एकरकमी ३,०००, वर असेल तर ५,०००. नॉमिनेशन नाकारलं म्हणून ती लेव्ही आपोआप परत येत नाही. एजंटची फी वेगळी. आणि आता ट्रिब्युनलची. बरं, हे करून मिळतं काय? जो माणूस आधीच माझ्याकडे काम करतोय तोच माझ्याकडे काम करत राहतो! छोट्या धंद्यातल्या माणसाला हे पटवणं सोपं नाही.

पण मालकांना दोन गोष्टी सांगा. पहिली, निकाल बाजूने लागला तर ट्रिब्युनलची अर्धी फी परत मिळते. दुसरी, पंचेचाळिशीचा, मुरलेला, त्यांचा मेन्यू हाताला बसलेला शेफ गेला तर त्या गावात दुसरा मिळवायला त्यांना काय पडेल याचा हिशोब त्यांनीच करावा. माझ्याकडे वेल्डर गेला तेव्हा मी तो हिशोब केला होता, फीपेक्षा कितीतरी जास्त आला.

तोट्याबद्दल. छोट्या कंपनीच्या कागदावरचा तोटा म्हणजे दिवाळं नव्हे. डेप्रिसिएशन, नवीन किचन बसवलं त्याचा खर्च, संचालक नवरा-बायकोचा पगार, कर्जावरचं व्याज, हे सगळं वजा होऊन आकडा खाली जातो. अकाउंटंटने एक पान लिहून हे उलगडून सांगायला हवं होतं. नुसता प्रॉफिट अँड लॉस जोडून दिला तर समोरचा अधिकारी शेवटची ओळ बघणार आणि लाल शेरा मारणार. त्याचं काय चुकलं?

अबोली२७

पाटीलसाहेब, अगदी हेच! गेल्या वर्षी त्यांनी किचनचा हूड, कूल रूम सगळं बदललं. त्याचाच तो तोटा आहे. नवऱ्याचा पगार एकदाही थकला नाही, सुपरसुद्धा (निवृत्तीसाठी मालकाने भरायची रक्कम) वेळेवर जातं.

एक नाजूक प्रश्न. मालक म्हणाले, "तू ट्रिब्युनलची फी दे, मी सही करतो." आम्ही तयार आहोत. देऊ ना?

निळावंती

नाही!!

जुना_वाटसरू

निळावंतीने एका शब्दात सांगितलं, मी जरा कारण देतो.

स्पॉन्सरशिप आणि नॉमिनेशनचा खर्च, लेव्ही, त्यासाठीच्या एजंटची फी, हे स्पॉन्सरने कामगाराकडून वसूल करायचं नाही, असा नियम आहे. आणि डिसेंबर २०१५ पासून स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे किंवा फायदा मागणं हा गुन्हाच आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. देणाराही सुटत नाही, त्याला दंड होऊ शकतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. म्हणजे ज्या व्हिसासाठी पैसे दिले तोच हातचा जायचा.

ट्रिब्युनलची फी यात नेमकी कुठे बसते यावर वाद घालता येईल. पण "तू पैसे दे, मी सही करतो" हे वाक्य कोणत्याही अधिकाऱ्याला कसं ऐकू येईल याचा विचार करा. द्यायचीच वेळ आली तर आधी वकिलाचं लेखी मत घ्या. रोख तर अजिबात नाही. माझा सल्ला, पाटलांनी मांडलेला हिशोब मालकांपुढे ठेवा आणि फी त्यांनाच भरू द्या. तुमच्या व्हिसाच्या अपीलाची फी मात्र तुमचीच, त्यात काही गैर नाही.

चिंतू_सिडनी

वयाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, वाटसरूंचं म्हणणं मान्य. पण मग माझंही एक अडकलेलं आहे, ते इथेच विचारतो, वेगळा धागा नको.

मी ४८२ वर एका कंपनीत आहे. दुसऱ्या कंपनीने ऑफर दिली, त्यांनी ४८२ चं नॉमिनेशन टाकलं, ते नाकारलं. कारण, लेबर मार्केट टेस्टिंगच्या (आधी स्थानिक माणूस शोधला हे दाखवण्याच्या) दोन जाहिरातींपैकी एक २८ दिवस पूर्ण व्हायच्या आत उतरली. एचआर म्हणतेय अपील करू, वकील आहे आमच्याकडे. करावं का?

जुना_वाटसरू

करू नये. तुमचं आणि अबोलीताईंचं प्रकरण दिसायला सारखं, आतून अगदी उलट आहे.

ट्रिब्युनल प्रकरण नव्याने बघतं. डिपार्टमेंटपुढे न गेलेला पुरावा तिथे देता येतो, निकालाच्या दिवशीची परिस्थिती बघितली जाते. म्हणून "हिशोब पटला नाही", "जागेची गरज दिसली नाही" ही कारणं तिथे दुरुस्त होऊ शकतात. पण तुमच्या जाहिराती नॉमिनेशन भरण्याच्या आधीच्या ठरावीक काळात पूर्ण व्हायला हव्या होत्या. तो काळ गेला. ट्रिब्युनलचा सदस्य कितीही सहृदय असला तरी उतरवलेली जाहिरात मागच्या तारखेने चालू ठेवू शकत नाही. कंपनीला सांगा, पुन्हा जाहिरात द्या, पूर्ण २८ दिवस ठेवा, पगार ९६,४०० च्या खाली असेल तर तो जाहिरातीत लिहा, आणि नव्याने ३३० डॉलर आणि लेव्ही भरून नॉमिनेशन टाका. अपीलच्या निकालापेक्षा हे कितीतरी लवकर होईल.

तोवर सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका. दिलाच असेल तर १ जुलै २०२४ पासून नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस, आणि व्हिसाच्या पूर्ण मुदतीत मिळून ३६५ दिवस मिळतात. पूर्वी ६० होते.

चिंतू_सिडनी

राजीनामा खिशात होता, अजून दिलेला नाही. वाचवलंत. __/\__

गोंधळी

माझा अनुभव कटू आहे, तरी लिहितो, कारण या धाग्यावर सगळे जरा जास्तच आशावादी झालेत.

आमचंही १८६, आमचंही आर्थिक क्षमतेवरून नाकारलं. मालकाने अपील केलं, चांगलं केलं, कागदही भरपूर दिले. पण ट्रिब्युनलची तारीख येईपर्यंत मालकाला दमा झाला आणि त्याने धंदा विकला. नवीन मालक भला माणूस, मला कामावर ठेवलं, पगार तोच, किचन तेच. पण कंपनी नवी, एबीएन (धंद्याचा नोंदणी क्रमांक) नवा. सुनावणीत सदस्याने पहिलाच प्रश्न विचारला, "ज्या कंपनीने नॉमिनेशन केलं ती आज धंदा चालवते का?" नाही. संपलं. नवीन कंपनीला जुन्या कंपनीचं अपील पुढे चालवता येत नाही.

त्यावर फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टात जाता येतं, ३५ दिवसांत. पण कोर्ट "निर्णय बरोबर होता का" हे बघत नाही, कायद्याची चूक झाली का एवढंच बघतं. आमच्यात तशी चूक नव्हती, गेलो नाही. आता आम्ही ऑकलंडला आहोत, बरं चाललंय. पण अबोलीताई, तुमच्या मालकांना स्पष्ट विचारा की पुढची दोन-तीन वर्षं धंदा याच कंपनीच्या नावाने चालवणार आहेत का. लाजू नका.

अबोली२७

गोंधळी, मनापासून आभार. हा प्रश्न मला सुचलाच नसता. संध्याकाळी नवरा मालकांशी बोलला. लीज अजून काही वर्षं आहे, विकायचा विचार नाही म्हणाले. त्यांच्या मुलीला भागीदार करून घ्यायचं डोक्यात होतं, ते निकालापर्यंत पुढे ढकलायला तयार आहेत.

पर्थचा_पाटील

त्याच कंपनीत मुलगी शेअरहोल्डर झाली तर कंपनी तीच राहते, तो प्रश्न वेगळा. पण नवी कंपनी काढून धंदा तिकडे हलवू नका म्हणावं. अकाउंटंट लोकांना टॅक्ससाठी अशा कल्पना फार सुचतात.

टिवल्याबावल्या

अवांतर : इतक्या गंभीर धाग्यावर विचारू नये, पण तो शेफ घरी स्वयंपाक करतो का हो?

अबोली२७

@टिवल्याबावल्या, नाही. घरी आल्यावर वरण-भात मागतो. :)

जुना_वाटसरू

पुराव्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. मालकांच्या आणि वकिलाच्या उपयोगाचं आहे.

आर्थिक क्षमतेसाठी मागच्या दोन पूर्ण आर्थिक वर्षांची विवरणं, चालू वर्षाचे तिमाही बीएएस (टॅक्स ऑफिसला द्यायची विवरणपत्रं), कंपनीचं बँक खातं, टॅक्स ऑफिसकडे थकबाकी नाही किंवा हप्ते ठरले आहेत याचा कागद, आणि पाटलांनी सांगितलेलं अकाउंटंटचं पत्र. त्या पत्रात तोटा कशाचा, रोख प्रवाह कसा, आणि शेफचा पगार एकूण खर्चात कितपत, एवढं आकड्यांनिशी यावं. "माझ्या मते धंदा सुदृढ आहे" असली मोघम पत्रं सदस्यांनी शेकड्याने वाचलेली असतात. सगळ्यात बोलका पुरावा मात्र तुमच्याच घरात आहे: इतक्या काळाच्या पगाराच्या पावत्या, बँकेत जमा झालेला पगार, सुपर खात्याचं विवरण. ज्याने आजवर दिला त्याची पुढे द्यायची ताकद आहे, हा युक्तिवाद साधा आहे आणि तो चालतो.

जागेच्या गरजेसाठी काही महिन्यांचे रोस्टर, किचनमध्ये कोण काय करतं त्याचा आराखडा, मेन्यू, आसनसंख्या, बुकिंगच्या नोंदी, उघडण्याच्या वेळा. शेफशिवाय किचन चालत नाही हे आपल्याला सांगावं लागत नाही, कॅनबेरात बसलेल्याला सांगावं लागतं. रेस्टॉरंट कुठल्या धाटणीचं आहे तेही दाखवा. फास्ट फूड किंवा टेकअवे छापाच्या जागांना शेफच्या नॉमिनेशनमध्ये फार पूर्वीपासून अडवतात, तो संशय आधीच मिटलेला बरा.

पगार त्या भागातल्या बाजारभावाइतका आहे याचाही पुरावा ताजा करा. तिकडे अवॉर्ड (त्या कामासाठी कायद्याने ठरलेला किमान पगार) वाढतं, इकडे पगार तोच राहतो, आणि जो मुद्दा आधी नव्हता तो सुनावणीत उभा राहतो. ट्रिब्युनल फक्त नाकारलेल्या कारणांपुरतं बघतं अशा समजात राहू नका.

आणि डिपार्टमेंटची फाइल एफओआयखाली (माहितीच्या अधिकाराखाली) मागवा. नॉमिनेशनची फाइल मालकांची, म्हणून तो अर्ज त्यांच्या सहीने. अर्जाला फी नाही. एजंटने नक्की काय पाठवलं, काय पाठवलं नाही, ते त्यातून दिसेल.

निळावंती

एजंटवरून. तोच ठेवणार आहात का? नवीन माणूस शोधत असाल तर एमएआरएन (नोंदणीकृत एजंटचा क्रमांक) मागा आणि ओएमएआरए या एजंटांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या यादीत तपासा. वकील असेल तर तो त्या यादीत नसला तरी चालतं, २०२१ पासून त्यांना वेगळी नोंदणी लागत नाही. त्याचं प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट बघा. "ट्रिब्युनलमध्ये माझी ओळख आहे" म्हणणारा भेटला तर चहा पिऊन उठा.

दुसरं, मालक आणि तुम्ही, दोघांना एकच वकील असेल तर हितसंबंध एक आहेत तोवर ठीक. वेगळे झाले तर काय, हे आधीच विचारून ठेवा.

मिरजकर

पर्यायी वाटा कोणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहितो. ४८२ ला वयाची अट नाही. अपील चालू असतानाच, सध्याचा व्हिसा संपण्याआधी, त्याच मालकाकडून नवीन ४८२ टाकता येतो. शेफ कोअर स्किल्सच्या (४८२ साठी मान्य कामांच्या) यादीत आहे. पगाराची किमान मर्यादा १ जुलै २०२५ ला वर्षाला ७६,५१५ डॉलर झाली आणि ती दर जुलैत वाढते, तेव्हा पगाराचा आकडा बघून घ्या. त्याने पायाखाली जमीन राहते.

आणि डामा, म्हणजे ठरावीक भागासाठी व्हिसाच्या अटी शिथिल करणारा सरकारी करार. व्हिक्टोरियात गुलबर्न व्हॅली आणि ग्रेट साउथ कोस्ट असे दोन करार आहेत. काही डामांत वयाची मर्यादा ५५ पर्यंत शिथिल असते. तुमचं गाव त्या हद्दीत बसत असेल तर वकिलाला जरूर विचारा. अर्थात मालकांना त्यासाठी वेगळे सोपस्कार आहेत, लगेच होणारं काम नाही.

जुना_वाटसरू

मिरजकर, उत्तम. नवीन ४८२ ची वाट मी आज ना उद्या लिहिणारच होतो. अबोलीताई, हे "किंवा" नाही, "आणि" आहे. अपीलही आणि ४८२ ही. पुढच्या वर्षी ४८२ संपेपर्यंत थांबू नका.

अबोली२७

अपडेट देते.

एजंट बदलला. मालकांनी स्वतःच्या कार्डाने फी भरली आणि कंपनीच्या नावाने एआरटीत अर्ज गेला, मुदतीच्या आत. पोचपावती आली. पाटीलसाहेब, तुमचा हिशोब कामी आला. नवऱ्याने कागदावर लिहून नेला होता. मालकांनी तो वाचला, थोडा वेळ बोललेच नाहीत, मग "अकाउंटंटला फोन लाव" म्हणाले.

आमच्या व्हिसाला अपेक्षेप्रमाणे नकार आला. त्यावर आमचंही अपील वकिलाने दाखल केलं. नवीन ४८२ ची तयारी चालू आहे, जाहिराती लागल्या आहेत, पूर्ण २८ दिवस ठेवायला बजावून सांगितलंय. एफओआयची फाइल यायची आहे.

सासऱ्यांना सांगितलं की कोर्टासारखी केस चालू आहे. ते म्हणाले, "मग लागेल वेळ, आमची बांधाची केस बघ." तेव्हापासून रोजचा फोन बंद, आठवड्याला एक.

एक शेवटचं. डिसेंबरात नणंदेचं लग्न आहे. जाता येईल का?

जुना_वाटसरू

४८२ चालू असेपर्यंत त्यावर जाऊन येता येतं. परत आल्यावर व्हेवोवर (व्हिसाची स्थिती दाखवणारी सरकारी साइट) जाऊन ब्रिजिंग ए दिसतो का ते तपासा, नसेल तर पुन्हा मागा. ४८२ संपून ब्रिजिंग ए वर आलात आणि तसेच बाहेर पडलात, तर तो तिथेच संपतो. तेव्हा त्या परिस्थितीत आधी ब्रिजिंग बी (बाहेर जाऊन परत येऊ देणारा) घ्यायचा, हातात आल्याशिवाय तिकीट काढायचं नाही.

आणि जाण्याआधी वकिलाला तारखा कळवा. ट्रिब्युनलचं पत्र नेमकं मांडवात असताना येतं, त्यातल्या उत्तराच्या मुदतीला लग्न हे कारण चालत नाही. सुनावणी व्हिडिओवर असली तरी कोणाला कुठून हजर राहायचं आहे ते आधी विचारून घ्या.

पर्थचा_पाटील

लग्नाला जा ताई. फक्त मालकांना डिसेंबरातल्या बुकिंगचं काय करायचं ते विचारून जा, नाहीतर ते नॉमिनेशनच मागे घेतील. :)